अंगाचा तिळपापड

लोकांच्या जमिनी मोजण्यात माझी ३३ वर्षं गेली. भूकरमापक म्हणून मोजणी खात्यात चिकटलो आणि भूकरमापकांवर ओरडणारा साहेब म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात सख्ख्या भावांमधला बांध मोजताना दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, एका म्हातारीनं हद्दीचा दगड नेम धरून माझ्या पायावर टाकला, आणि सामाईक विहिरीत कुणाचे किती आणे या वादात जेवणाचा डबा तसाच घरी परत आणणं तर महिन्यातून दोनदा व्हायचं. सांगायचा मुद्दा काय, की बांध वीतभर सरकवलेला असला तरी तो मला नुसत्या नजरेनं कळायचा. स्वतःच्या पाठीवर काय आहे हे मात्र वयाच्या ६६व्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हतं. पाठ ही मिळकतच अशी आहे, की जन्मापासून ती आपल्या एकट्याच्या नावावर असते, तिच्यावर कुणी हक्क सांगत नाही, आणि म्हणूनच की काय, जागेवर जाऊन पाहणी करायची कुणाला सुचत नाही.

मला ते सुचलं ब्रिस्बेनला.

मुलगी आणि जावई तिथे असतात. गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं गेलो तेव्हा तिकडे उन्हाळा तापायला लागला होता. पहिल्याच सकाळी मी सवयीप्रमाणे लेंगा-बनियनवर फिरायला निघालो, तर सहा वर्षांच्या नातवानं दारात हात आडवा केला. ‘आबा, हॅट?’ त्यांच्या शाळेत म्हणे टोपी नसेल तर मैदानावर सोडत नाहीत, सावलीत बसवून ठेवतात. टोपी चढवली तर मागून मुलगी मलमाची बाटली घेऊन आली. उन्हाचं मलम. मोठ्या माणसाच्या सबंध अंगाला सात चमचे, आणि दर दोन तासांनी पुन्हा. सात चमचे! माझ्या लग्नात हळद एवढी लागली नव्हती. मी पडलो हिशेबी माणूस; दीड चमचा घेतला आणि तो सगळाच्या सगळा तोंडाला थापून बाहेर पडलो. समोरून कुत्रं घेऊन येणाऱ्या बाईंनी रस्ता बदलला. कुत्र्यानं आधीच बदलला होता.

पण त्या लोकांचं हे वेड उगाच नाही. गोरी कातडी, डोक्यावर सरळ येणारं ऊन आणि उघड्या अंगानं समुद्रावर पडून राहायची हौस, यामुळे तिथे दर तिघांतल्या दोघांना सत्तरीपर्यंत कातडीचा कुठला ना कुठला कॅन्सर निघतो. त्यातला सगळ्यात वाईट जो मेलानोमा, त्यात आमच्या मुलीचं क्वीन्सलँड राज्य जगात वरच्या रांगेत. जावई सांगत होता, १९८१ साली टीव्हीवर एक समुद्रपक्षी नाचत यायचा आणि सदरा घाला, मलम थापा, टोपी चढवा म्हणून गाऊन सांगायचा. तिथल्या लोकांना तो अजून आठवतो. आमच्याकडे त्या सुमारास कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. तो नाचत नसे.

शेजारी एक निवृत्त म्हातारा राहायचा. आयुष्यभर घरांवर छप्परं घालायचं काम केलेला. त्याच्या डाव्या कानाचा वरचा तुकडा नव्हता, आणि नाकावर एक ठिगळ. आपण जसं ‘कटिंग करून येतो’ म्हणतो तसा तो दर वर्षी ‘स्किन चेक करून येतो’ म्हणायचा. तिथे डॉक्टर डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग भिंगाखाली तपासतात, केसांच्या भांगात आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांतसुद्धा बघतात. ‘तू कधी केलंस?’ त्यानं मला कुंपणावरून विचारलं. ‘आमचा रंग पक्का असतो,’ मी माझ्या इंग्रजीत त्याला समजावलं. त्याला ते रंगकामाबद्दल वाटलं असावं, कारण नंतर अर्धा तास त्यानं मला त्याचं कुंपण दाखवलं.

माझा हा पक्का रंग जावयानं उतरवला. त्याला गाडीत बॉब मार्ले लावायची सवय. तोच तो जटावाला, गोव्यात टी-शर्टांवर असतो तो. मी सहज विचारलं, हे गृहस्थ हल्ली काय करतात? तर कळलं, ३६व्या वर्षी गेले. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळं झालं होतं, फुटबॉल खेळताना लागलं असेल म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही, १९७७ साली तो मेलानोमा निघाला आणि १९८१च्या मे महिन्यात संपलं. म्हणजे ऑस्ट्रेलियात पक्षी नाचत होता त्याच वर्षी. जावई म्हणाला, ‘बाबा, आपल्यासारख्या सावळ्या लोकांना हा क्वचित होतो. पण झालाच तर बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो. जिथे ऊनच लागत नाही तिथे. आणि तिकडे कुणी बघत नाही, म्हणून उशिरा कळतो.’

उरलेला प्रवास मी बूट काढून केला.

जानेवारीत ठाण्याला परतलो आणि दुसऱ्या दिवशी दोनशेपानी वही आणली. तीळ पाहायचे कसे, याची इंग्रजीत ए, बी, सी, डी, ई अशी पाच अक्षरी खूण आहे. मी तिचं खात्याच्या भाषेत रूपांतर केलं आणि रकाने आखले: अनुक्रमांक, ठिकाण, दोन्ही अर्धे सारखे आहेत का, हद्द साफ आहे की वादग्रस्त, रंग एकच की सरमिसळ, रुंदी ६ मिलिमीटरच्या आत की बाहेर, फेरफार, शेरा. यातला फेरफार सगळ्यात महत्त्वाचा. जन्मापासून गपगार बसलेला तीळ सहसा त्रास देत नाही. जो अलीकडे वाढला, रंग बदलला, खाजायला किंवा रक्त यायला लागलं, तो डॉक्टरला दाखवायचा. सातबाऱ्याचंही तेच असतं. नुसता उतारा बघून भागत नाही, अलीकडे फेरफार कुठला पडलाय ते आधी बघावं लागतं. हे मी हिला इतक्या उत्साहानं समजावलं, की ही म्हणाली, ‘अहो, खात्यात असताना एवढं काम केलं असतंत तर...’ पुढचं ती बोलली नाही. पण ते मला पाठ आहे.

पहिला प्रयत्न मी स्वावलंबनानं केला. न्हाणीघरातल्या आरशाकडे पाठ, हातात दाढीचा आरसा, आणि दातांत टॉर्च. एका आरशात डावं ते उजवं होतं, दोन आरशांत परत सरळ होतं असं शाळेत शिकलो होतो. पण हात उजवीकडे न्यावा तर आरशातला माणूस भलतीकडेच झुकायचा, आणि खांद्याखालच्या एका संशयास्पद ठिपक्याचा पाठलाग करता करता मी स्वतःभोवती अशी काही गिरकी घेतली की पाठीत उसण भरली. ठिपका आरशावर होता.

तीन दिवस बाम आणि गरम पाण्याची पिशवी. चौथ्या दिवशी हिला पाचारण केलं. लग्नाला ३९ वर्षं झाली; हिला पाठ दाखवायची वेळ तशी नवी नाही, पण भांडण नसताना दाखवायची ही पहिलीच. मी पालथा पडलो, ही एका हातात टॉर्च आणि एका हातात फूटपट्टी घेऊन बसली. मोजलेला तीळ परत मोजला जाऊ नये म्हणून प्रत्येकाभोवती बॉलपेननं गोल काढून नंबर टाकायचा, ही कल्पना माझी. क्रमांक २३ ला ही थांबली. ‘हा मोठा दिसतोय हो. आणि उंच आहे.’ माझ्या पोटात गोळा आला. रुंदी? ‘दोन मिलिमीटर. पण परवा नव्हता.’ फेरफार! मी उशीत तोंड खुपसून मुलीला काय सांगायचं, पेन्शनचे कागद कुठल्या डब्यात आहेत, सगळं ठरवायला लागलो, तेवढ्यात हिनं नखानं तो उचलला. भोगी ऑस्ट्रेलियात बुडाली म्हणून हिनं आदल्या दिवशी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या केल्या होत्या, आणि मी त्या उसणेमुळे पलंगावर, बनियनवर बसून खाल्ल्या होत्या.

खरा तीळ होता.

अशी एकूण ४१ खाती निघाली. आता मला वाचायचाही नाद लागला, आणि वाचताना आपलाच माणूस भेटला: डॉक्टर वसंत रामजी खानोलकर. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात सूक्ष्मदर्शकावर बसलेला हा माणूस. १९४५ साली त्यांनी ‘धोतराचा कॅन्सर’ जगाला दाखवून दिला. धोतर कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधलं की तिथली कातडी घासून घासून काळी, निबर होते, आणि एखाद्याच्या बाबतीत पुढे बिघडते. उन्हाचा काही संबंध नाही. तसंच काश्मिरात फिरनच्या आत निखाऱ्याची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटाला आणि मांड्यांना होतं, आणि पुढे साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेलाही, परकराच्या नाडीच्या जागी, झाल्याचं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. हे असं फार थोड्यांना होतं, हे वाक्यही तिथेच होतं. ते मी वाचलं नाही. त्या दिवसापासून लेंग्याची नाडी सैल ठेवायला लागलो. सोसायटीच्या बागेत त्यामुळे एकदा काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि बागेत होते त्यांना सांगण्याची गरज नाही.

आणि मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी नखं काढायला पाय उचलला, तर टाचेच्या कडेला काळा डाग. मसुराएवढा. कडा वेड्यावाकड्या. नोव्हेंबरात नव्हता; विमानात तर मी सगळा वेळ तळपायच बघत बसलो होतो. मी हिला हाक मारली तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ही पदराला हात पुसत आली, वाकली आणि म्हणाली, ‘तळपायाला तीळ म्हणजे परदेशगमन.’

‘ते झालं की!’

‘तुमचं सगळं उशिराच.’

दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट मिळाली. मोजणीला साहेब यायच्या आधी आम्ही हद्दीच्या दगडांना चुना लावून ठेवायचो, त्या न्यायानं सकाळी अंघोळीनंतर हिच्याकडून सगळे गोल आणि नंबर पुन्हा गिरवून घेतले. हिची स्वयंपाकाची घाई, गॅसवर आमटी, दारावर भाजीवाला. नंबर टाकता टाकता ही मधेच थबकली, पेन जरा जास्त वेळ टोचल्यासारखं वाटलं, पण माझं लक्ष टाचेकडे होतं.

डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीहून लहान पोरगी. तिच्या मदतनीस बाईंनी मला पडद्याआड एक निळा झगा दिला आणि सगळे कपडे काढून तो घाला म्हणाल्या. नाड्या पुढे की मागे, हे काही त्या बोलल्या नाहीत. मी सभ्य माणसासारखा पुढे... म्हणजे सभ्यपणा मागच्या बाजूला जाईल असा घातला, आणि ज्या मिळकतीची मोजणी करायची ती पूर्ण झाकून, नको ती दर्शनी बाजू दोन्ही हातांनी सावरत बाहेर आलो. डॉक्टरनं छताकडे बघून सांगितलं, ‘काका, उलटा.’ मी वळलो. ‘तुम्ही नाही, झगा.’

तिच्या हातात एक बॅटरीसारखं भिंग होतं. त्याला डर्मोस्कोप म्हणतात. दहापट मोठं दाखवतो आणि त्याच्या उजेडात कातडीच्या वरच्या थराच्या आतलंही दिसतं. मी पालथा झालो. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. माझ्या छातीत धडधड. मग ती म्हणाली, ‘काका, हे नंबर...?’ मी वही पुढे केली. तिनं ती चाळली, मदतनीस बाईंना दाखवली, आणि दोघींनाही एकदम खोकला आला. मग पुन्हा माझ्या पाठीवर वाकून तिनं विचारलं, ‘आणि सतराच्या खाली हे काय लिहिलंय? को... कोथिंबीर?’

‘विसरले असते,’ ही खुर्चीतून म्हणाली. ‘कागद नव्हता जवळ.’

डॉक्टरनं ४१ही खाती निकाली काढली. १२ साधे तीळ. १९ लाल ठिपके, जे वय झालं की येतात. नऊ खरबरीत, तपकिरी, मेणाचा थेंब चिकटवल्यासारखे, तेही वय झालं की येतात. एक जखमेचा जुना व्रण. ‘काका, हे सगळं वय आहे,’ ती म्हणाली. ते सांगायला एवढं भिंग कशाला पाहिजे होतं, असं ही पुटपुटली.

मी पाय पुढे केला. तिनं टाच हातात घेतली, भिंग लावलं, नंतर एक लहानसं पातं घेऊन त्या डागावरून हलक्या हातानं खरवडलं. दुखलं नाही. काळी पूड पडली. आणखी एकदा खरवडलं. खाली माझी स्वच्छ, गुलाबी, निर्दोष टाच.

‘एवढ्यात काही खेळलात का?’

२६ जानेवारीला सोसायटीच्या क्रीडामहोत्सवात मी बॅडमिंटन दुहेरीत उतरलो होतो. नवे कॅनव्हासचे बूट घालून. अकरा गुणांपर्यंत टिकलो, त्यातले दहा समोरच्यांचे. फूल पकडायला धावायचं आणि भिंत आली की करकचून थांबायचं, यात टाचेच्या कातडीत बारीकसं रक्त साकळतं आणि सुकून काळं दिसतं. खेळाडूंना होतं असं, ती म्हणाली. त्या दुःखातही मला ते आवडलं.

मी कपडे घालून, बिल किती याचा विचार करत उभा राहिलो होतो. डॉक्टर हात धूत होती. पुसता पुसता ती हिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘काकू, चष्मा काढता जरा?’

नाकाच्या उजव्या बाजूला, चष्म्याचं ते प्लास्टिकचं बोंडूक टेकतं त्या जागी, हिला एक पुटकुळी होती. काळपट, कडेनं मोत्यासारखी चकाकणारी, जोंधळ्याएवढी. खपली धरायची, तोंड धुताना पडायची, कधी टॉवेलला रक्ताचा टिपूस लागायचा, परत खपली धरायची. दोन वर्षं तरी झाली असतील. ‘चष्मा काचतो,’ ही म्हणायची. मी म्हणायचो, फ्रेम बदल. एवढंच म्हणायचो.

डॉक्टरनं भिंग लावलं. या वेळेस ती गप्प बसली ती निराळीच.

तुकडा काढून तपासायला दिला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, बेसल सेल कार्सिनोमा. कॅन्सरच, पण डॉक्टरनं लगेच समजावलं: हा सगळ्या जगात सगळ्यात जास्त आढळणारा, मुंगीच्या पावलानं वाढणारा, शरीरात दुसरीकडे जवळजवळ कधी जात नाही, पण आहे त्या जागी कुरतडत राहतो, नाक, पापणी काही म्हणत नाही. आपल्याकडे तो काळपट असतो म्हणून लोक तीळच समजतात. पूर्ण काढला की प्रश्न मिटतो. ब्रिस्बेनच्या म्हाताऱ्याच्या नाकावरचं ठिगळ मला आठवलं, आणि मी त्याचं कुंपण बघत बसलो होतो तेही.

त्या आठ दिवसांत मी घरात कुठल्याच उपयोगाचा नव्हतो. काहीतरी करावं असं वाटायचं आणि काय ते कळायचं नाही, म्हणून रोज संध्याकाळी खाली जाऊन कोथिंबीर आणायचो. फ्रिजमध्ये आठ जुड्या झाल्या. ही कॅन्सरच्या विचारानं नव्हे, त्या जुड्या बघून संतापली. अंगाचा अगदी तिळपापड झाला. मला तेवढंच बरं वाटलं.

शस्त्रक्रिया पाऊण तासाची, जागेपुरती भूल, पाच टाके. ही घरी येताना रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडली. नंतर जो रिपोर्ट आला त्यात अर्धं पान असं होतं की त्यातलं अवाक्षर मला कळलं नाही, पण शेवटी लिहिलं होतं, काढलेल्या तुकड्याच्या सगळ्या कडा मोकळ्या आहेत, त्यात रोग नाही. ते मात्र मला कळलं. चतुःसीमा निर्वेध व निजोखमी. ३३ वर्षांत इतकी साफ हद्द मी एकाही प्रकरणात पाहिली नव्हती. मी तो कागद दोनदा वाचला आणि गॅलरीत जाऊन उगाच कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलेलंच होतं.

रात्री वही काढली. माझ्या नावानं सहा पानं भरलेली होती, टाचेचं तर नकाशासकट. हिच्या नावाचं खातंच नव्हतं. नवं पान घेतलं, वर हिचं नाव घातलं. अनुक्रमांक १. ठिकाण, नाकाची उजवी बाजू. हद्द, साफ. फेरफार, मंजूर. टाके सुकले की डॉक्टर हिचीही डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करणार आहे, आणि मग दर सहा महिन्यांनी. पालथं पडून ही म्हणाली, ‘तोवर बघा तुम्ही हवं तर, पण पेन लावाल तर याद राखा.’ मी टॉर्च लावला. पहिल्यांदा उलटा धरला, तो माझ्याच डोळ्यांत गेला. मग सरळ केला आणि हळूहळू, एकेक वीत करत, ३९ वर्षांत न केलेली मोजणी करत गेलो. उजव्या खांद्याच्या खाली तीन तीळ आहेत, एका ओळीत. मला माहीत नव्हतं.

सगळं लिहून झाल्यावर शेऱ्याचा रकाना उरला. तिथे काय लिहावं ते सुचेना, म्हणून वही तशीच उघडी ठेवून पाणी प्यायला गेलो. परत आलो तर ही कुशीवर वळून झोपली होती आणि शेऱ्यात हिच्या अक्षरात लिहिलेलं होतं:

‘कोथिंबीर पुरे.’